कुत्रा कुत्राच राहिला तर

नामदेवांची भाकरी पळवणाऱ्या कुत्र्याची गोष्ट मी लहानपणापासून कीर्तनात ऐकत आले. आमचं घर चिखलीचं, आळंदी हाकेच्या अंतरावर, अण्णांच्या गळ्यात माळ. कुत्रा भाकरी घेऊन पळतो, नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात आणि शेवटी कुत्र्याच्या जागी विठ्ठल उभा राहतो. त्या क्षणी मंडपात डोळे न पुसणारा माणूस मी पाहिलेला नाही.

धर्मराजाच्या गोष्टीचंही तेच. महाप्रस्थानात द्रौपदी पडते, भाऊ एकामागून एक पडतात, कुत्रा मात्र शेवटपर्यंत मागे येत राहतो. इंद्र रथ घेऊन येतो आणि सांगतो, कुत्र्यासाठी स्वर्गात जागा नाही. युधिष्ठिर म्हणतो, शरण आलेल्याला टाकून देणं मला जमणार नाही, मग स्वर्ग राहू दे. आणि कुत्रा यमधर्माच्या रूपात प्रकट होतो.

दोन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. पण गेली काही वर्षं मी चाकणच्या पट्ट्यात रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करते आहे आणि त्यातून एक प्रश्न माझ्या मनात घर करून बसला आहे. माझ्या हाताशी येणारा कुत्रा कधीच विठ्ठल होत नाही. औषध पाजताना तो चावायला बघतो, गादीवर मुततो, चप्पल फाडतो, आणि बरा झाल्यावरही कुत्राच असतो. तर मग माझ्यावर त्याचं काही देणं लागतं का? की ते देणं फक्त आत दडलेल्या देवाचं?

मी एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांच्या शेतात गेल्या काही दशकांत कारखाने उभे राहिले. कारखाना आला की कॅन्टीन येतं, कॅन्टीन आलं की उरलेला भात येतो आणि भातामागून कुत्री येतात. थंडीत ती उभ्या ट्रेलरच्या गरम इंजिनाखाली झोपतात. पहाटे ट्रेलर सुरू होतो. आमच्याकडे येणाऱ्या फोनांपैकी पुष्कळसे या वेळचे असतात.

दुसरे फोन वेगळे. सिक्युरिटी एजन्सीचा करार संपतो आणि गेटवरची माणसं एका रात्रीत बदलतात. कामगारांचा ठेका संपतो, खोली रिकामी होते, परभणीला किंवा बिहारला परतणारा पोरगा कुत्रं गाडीत कसं नेणार? यात कोणी दुष्ट नाही. ज्याची स्वतःची नोकरी अकरा महिन्यांची, त्याच्या आधाराने राहणाऱ्या जिवाचा आधारही तेवढाच. आपण 'टाकून दिलेली कुत्री' म्हणतो आणि टाकणाऱ्याला शिव्या घालतो. मला मात्र त्या माणसालाही कोणीतरी टाकलेलं दिसतं.

काळी अशीच एका गेटवरची. नांदेडकडच्या एका सिक्युरिटीवाल्या मामांनी तिला पिल्लापासून वाढवलं होतं. मामांची बदली झाली. त्यानंतर ती रोज शिफ्ट सुटताना कंपनीच्या बसमागे धावायची, कारण मामा त्याच बसने जायचे. एका दुपारी मागच्या पायावरून चाक गेलं. डॉक्टरांनी प्रयत्न केला, पण हाडाचा चुरा झाला होता. पाय काढावा लागला आणि काळी टाके सुकेपर्यंत म्हणून आमच्या घरी आली.

शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालणारी माणसं आमच्या भागात खूप आहेत. शनीची पीडा टळते, भैरव प्रसन्न होतो, अशी श्रद्धा. त्या पोळीवर कितीतरी कुत्री जगतात, म्हणून मी तिला नावं ठेवणार नाही. पण त्याच माणसांना काळं कुत्रं घरात न्याल का, असं विचारलं की ती दोन पावलं मागे सरतात. दत्तक शिबिरात पिवळसर, गोंडस पिल्लं दुपारपर्यंत जातात. वाढलेली, काळी, त्यात मादी, त्यात तीन पायांची, तिच्यासमोर कोणी थांबत नाही. पोळी शनीसाठी असते. कुत्री फक्त ती पोचवणारी.

इथे मला महाभारतातली एक तिसरी गोष्ट आठवते. ती अगदी सुरुवातीला, आदिपर्वात येते आणि कीर्तनात मी ती कधी ऐकली नाही. जनमेजय कुरुक्षेत्रावर दीर्घ सत्र करत असतो. सरमा या देवशुनीचं पिल्लू तिथे येतं आणि जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही आगळीक केली असशील. ते सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलंसुद्धा नाही, चाटलंही नाही. मग सरमा स्वतः यज्ञमंडपात जाऊन विचारते, माझ्या मुलाने अपराध केला नाही, मग मारलंत का? कोणी उत्तर देत नाही. ती शाप देते: तुझ्यावर न दिसणारं भय येईल. राजा घाबरतो आणि सत्र संपल्यावर तो शाप शमवू शकेल असा पुरोहित शोधत फिरतो.

सरमा देवलोकातली खरी, पण मार खाणारं पिल्लू शेवटपर्यंत कुत्र्याचं पिल्लूच राहतं. त्याच्यातून कोणी प्रकट होत नाही, तो कोणाची परीक्षाही घेत नाही. तरी त्याच्या पाठीवरचा मार अन्याय ठरतो, राजाला जाब द्यावा लागतो. महाभारत कुत्र्याच्या अपमानाने सुरू होतं आणि कुत्र्याच्या सोबतीने संपत येतं, हे व्यासांनी उगीच केलं असेल असं मला वाटत नाही.

ही गोष्ट मी अण्णांना सांगितली आणि विचारलं, विठ्ठल प्रकट झालाच नसता तर? अण्णा थोडं थांबून म्हणाले, "अगं, नामदेव धावले तेव्हा तो कुत्राच होता. तूप घेऊन धावणं आधी झालंय." युधिष्ठिराचंही तसंच. त्याने नकार दिला तो कुत्र्यासाठी, कारण समोर दुसरं कोणी नव्हतंच. देव नंतर आला. आपण मात्र शेवट ठाऊक असल्यामुळे त्या नकाराची किंमत कमी करून ऐकतो.

काळीला शिकवायला घेतलं तेव्हा तिची भीती गणवेश नसलेल्या माणसांची होती. तिच्या जगात गणवेशातला माणूस म्हणजे आपला, बाकी सगळे हाकलायचे. घरात गणवेश कोणाचाच नाही. फरशी गुळगुळीत, तीन पायांवर ती घसरायची. मिक्सर, कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, प्रत्येक गोष्टीवर ती थरथरायची. कुत्र्यांना शिकवणारे उकडलेली लिव्हर वापरतात, आमच्या माळकरी घरात ते चालत नाही, म्हणून पनीरचे तुकडे. कुकर गॅसवर ठेवायचा, शिट्टी व्हायच्या आधीपासून पनीर, शिट्टीनंतर लगेच पनीर. कोपऱ्यात मुतली तर ओरडायचं नाही, बाहेर मुतली की त्याच क्षणी कौतुक. हे 'त्याच क्षणी' महत्त्वाचं, उशिरा दिलेला तुकडा कशासाठी मिळाला हे कुत्र्याला कळत नाही. गुंडाळलेल्या पेपरने मारून शिकवण्याची जुनी रीत अजून पुष्कळ घरांत आहे. त्याने कुत्रं एवढंच शिकतं की माणसाचा हात वर गेला की लपायचं.

आणि एक गोष्ट मी मुद्दाम केली. तिचं जेवण मी एकटीने कधी दिलं नाही. सकाळी आई, संध्याकाळी शेजारचा मुलगा, फिरवायला कधी मी तर कधी अण्णा. तिचा विश्वास माझ्यापाशी साठू नये, तो माणसांवर बसावा. मामांवर तिने सगळा जीव टाकला होता आणि मामा गेल्यावर ती बसखाली गेली. तेच मी पुन्हा करून ठेवायचं का?

लोक मला नेमकं हेच विचारतात. एवढा जीव लावता आणि मग देऊन कशी टाकता? धर्मराजाने तर स्वर्ग सोडला, कुत्रा सोडला नाही. मी यावर खूप विचार केला आहे. युधिष्ठिराने ज्याला पाप म्हटलं ते शरणागताचा त्याग. शरण आलेल्याला आधाराविना सोडणं म्हणजे त्याग. आधार बघून, पारखून, तो टिकतो आहे ना याची जबाबदारी आपल्या डोक्यावर ठेवून दिलं, तर तो त्याग कसा? म्हणून मी घर बघायला जाते, घरमालकाची परवानगी लेखी मागते, गॅलरीला जाळी आहे का ते पाहते, घरातल्या प्रत्येकाला विचारते. आणि जमलं नाही तर कुत्रं परत आमच्याकडेच येईल, रस्त्यावर नाही, हे कागदावर घेते.

दुसऱ्या टोकाला भागवतातला भरत राजा उभा आहे. त्याने नदीत वाहून जाणारं हरणाचं पाडस वाचवलं. वाचवण्यात काही चूक नव्हती. पण पुढे त्याचा दिवस, त्याची साधना, त्याचं मरण, सगळं त्या पाडसाभोवती फिरू लागलं आणि पुढचा जन्म हरणाचा आला. ही गोष्ट दयेच्या विरोधात सांगतात, ते मला पटत नाही. भरताचं हरीण मला हरीण उरलेलं दिसत नाही. त्याच्या रिकामपणात ते जाऊन बसलं. आज कुत्र्याला कपडे घालून 'माझं बाळ' म्हणणारी, त्याला वास घ्यायला, माती उकरायला, दुसऱ्या कुत्र्याशी बोलायला न देणारी प्रेमळ घरं मी पाहते. तिथेही कुत्रा कुत्रा राहत नाही.

समान पाहायचं तर सगळ्यांकडे पाहावं लागतं. गीतेच्या पाचव्या अध्यायात विद्वान ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि कुत्रा शिजवून खाणारा, सगळ्यांत सारखं तत्त्व पाहणाऱ्याला पंडित म्हटलं आहे, आणि त्यावर ज्यांनी मराठीत भाष्य केलं ते माउली आमच्या शेजारी आळंदीत आहेत. त्या यादीत खराबवाडीच्या खोल्यांमधून शाळेला चालत जाणारं पोरही येतं. ते कुत्र्याला घाबरत असेल तर त्याची भीती खरी आहे. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि आपल्या देशात हा रोग माणसाला मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून होतो. म्हणून आमचं पहिलं काम लस आणि नसबंदी. खायला घालायची जागा शाळेच्या वाटेवर नाही. चावा झाला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठायचा, हे आम्ही वस्त्यांमध्ये सांगत फिरतो. गोव्याने कुत्र्यांचं व्यापक लसीकरण केलं आणि २०२१ मध्ये ते देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य जाहीर झालं. हेही भूतदयेचंच काम आहे, त्यात अश्रू नसले तरी.

हा वाद जुना आहे. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत सरकारने भटकी कुत्री मारायला काढली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला, बाजार बंद पडला, दंगल झाली. पारशांच्या अंत्यविधीत कुत्र्याला स्थान आहे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये, सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं, २२ ऑगस्टला तो आदेश बदलून नसबंदी आणि लसीनंतर मूळ जागी सोडायला सांगितलं, आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं अशा जागांवरची कुत्री हलवून तिथे परत न सोडण्याचा आदेश दिला. मला न्यायालयाची अडचण कळते. पण हलवून ठेवायचं कुठे, तिथे त्यांच्याकडे बघणार कोण, हे प्रत्येक गावात आज तरी अनुत्तरित आहे.

या कामातली सगळ्यात कठीण घटना आंबेठाण रस्त्यावरची. लाळ गळणारा, तोल जाणारा एक कुत्रा सापडला. नियम असा की रेबीजचा संशय असलेला कुत्रा वेगळा ठेवायचा आणि त्याला नैसर्गिक मरण येईपर्यंत थांबायचं. त्याच्यासमोर पाणी ठेवलं, त्याला ते गिळता येत नव्हतं. ज्यांनी त्याला वर्षभर बिस्किटं घातली त्यांनाही तो ओळखत नव्हता. आमच्यातल्या जवळ गेलेल्यांनी इंजेक्शनं घेतली. त्याच्याकडून आता कोणालाच काही मिळणार नव्हतं, प्रेमही नाही, ओळखही नाही. तरी त्याला कोणी दगड मारू नये, उजेडाचा आणि आवाजाचा त्रास होऊ नये, म्हणून आमच्यातली मुलं पाळीपाळीने बाहेर बसली. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला कोणत्याही ग्रंथापेक्षा त्या मुलांच्या बसण्यात जास्त स्पष्ट दिसलं. ती कोणाची वाट बघत नव्हती.

काळी आता तळेगाव दाभाड्याला एका निवृत्त शिक्षक दांपत्याकडे आहे. अंगण आहे, फरशी खडबडीत आहे. काकूंचा फोन आला होता: ती साध्या कपड्यातल्या कोणावरही भुंकत नाही, पण गणवेशातला कुरियरवाला आला की दारापर्यंत धावते, वास घेते, चेहरा बघते आणि मग जोरात भुंकत सुटते. त्या मुलाने येणं बंद केलंय. रविवारी पनीर आणि एक जुना सिक्युरिटीचा शर्ट घेऊन मी तिकडे जाणार आहे.