बळ पेलणारी जागा

शांत बसा. पाठ ताठ असू द्या, पण ताणू नका. हे मनन सावकाश वाचायचं आहे. एक परिच्छेद वाचावा, डोळे मिटून त्यातली वस्तू हातात घेतल्यासारखी पाहावी आणि मगच पुढे जावं. आज मनात धरायची वस्तू आहे लहान होडीला इंजिन अडकवण्यासाठी घरी केलेला ब्रॅकेट. एक आडवी फळी, एक उभी फळी, दोन तिरके आधार आणि थोडे नट-बोल्ट.

आधी मनाने खांदेश्वरला या. हार्बर मार्गावर मानसरोवर आणि पनवेल यांच्यामधलं हे स्टेशन. खांदेश्वर महादेवाचं देऊळ आणि तलाव इथेच. सिडकोच्या रुंद रस्त्यांवरून चालताना खाडीची आठवण राहत नाही, पण ती लांब नाही. माथेरानच्या डोंगरात उगम पावलेली गाढी नदी पनवेलवरून वाहत येऊन खाडीला मिळते. पनवेल हे जुनं बंदर. 1830 साली बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला निघालेला माणूस पाण्यावरून पनवेलला उतरे आणि तिथून घाटाची वाट धरी. पाण्यावरचा तो प्रवास शीड, वल्हं आणि भरती यांच्या बेतानेच व्हायचा.

त्या खाडीचं पाणी डोळ्यांसमोर आणा. दिवसातून दोनदा ते चढतं, दोनदा उतरतं. मोठ्या उधाणाच्या दिवसांत मुंबई बंदरात भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत 4 मीटरहून जास्त फरक पडतो, भांगाच्या दिवसांत तो बराच कमी असतो. ओहोटी लागली की तिवरांच्या कडेचा चिखल उघडा पडतो. उलट्या पाण्यात वल्हवणाऱ्याचे दंड भरून येतात. होडीला छोटं इंजिन असावं ही इच्छा अशाच दंडांतून जन्मते. ती इच्छा रास्त आहे. तिच्याशी थोडा वेळ थांबा.

आता होडीकडे पाहा. चार मीटर लांब, मीटरभर रुंद, दोन्ही टोकांना निमुळती. वल्ह्याने चालणाऱ्या होडीला असा आकार शोभतो, पाणी पुढून सहज दुभंगतं आणि मागे सहज मिटतं. पण इंजिन अडकवायला मागे सपाट फळी लागते आणि ती या होडीला नाही. जन्मतः तिच्यात बाहेरच्या बळासाठी जागाच ठेवलेली नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या ओले एव्हिन्रूड या नॉर्वेत जन्मलेल्या कारागिराने 1909 साली होडीबाहेर टांगायचं इंजिन विकायला सुरुवात केली. अशी इंजिनं त्याच्या आधीही निघाली होती, लोकांच्या हाती मोठ्या प्रमाणावर गेलं ते त्याचं. कल्पना सोपी होती. इंजिन हातात उचलून आणायचं, होडीला अडकवायचं, काम झालं की काढून घरी न्यायचं. तेव्हापासून साध्या माणसाच्या साध्या होडीलाही बळ मिळू लागलं. बळ बाहेरून आलं आणि त्याच्याबरोबर एक प्रश्न आला: हे बळ होडीच्या अंगात उतरणार कुठून?

उत्तर आहे ब्रॅकेट. होडीच्या मागच्या भागात, दोन्ही काठांवर टेकेल अशी एक आडवी फळी ठेवायची. एका बाजूला ती काठाच्या थोडी बाहेर काढायची. बाहेरच्या टोकाला उभी फळी, तिचं तोंड होडीच्या मागच्या दिशेला. इंजिनाचे पकडस्क्रू याच उभ्या फळीला आवळायचे. होडीच्या अंगाला एकही भोक पाडायचं नाही. काठाच्या खालून लाकडी ठोकळे लावायचे आणि फळी व ठोकळा यांच्यामध्ये काठ धरून, दोन्हीकडे मिळून चार बोल्टांनी आवळायचा.

आता पहिलं मनन, वजनाचं. अडीच अश्वशक्तीचं इंजिन साधारण 14 किलोंचं धरा. भरलेली कळशी कमरेला टेकवून नेणं आणि हात लांब करून धरणं यातला फरक तुमच्या अंगाला ठाऊक आहे. इंजिन जवळच्या काठापासून 25 सेंटिमीटर बाहेर असेल, तर मीटरभर पलीकडच्या काठावर फळी साडेतीन किलोंच्या बळाने वर उठू पाहते. तेच अंतर 50 सेंटिमीटर झालं तर सात किलोंनी. लाट आली, होडी आपटली, की हे आकडे क्षणभर कितीतरी वाढतात. म्हणून इंजिन होडीच्या जितकं जवळ घेता येईल तितकं घ्यावं.

पण इथे आणखी एक गोष्ट दिसते, तिच्यावर मन स्थिर करा. इंजिन या काठाला आहे, आवाज या काठाला आहे, सगळ्यांचं लक्षही इकडेच. त्याला कलंडू न देणारे बोल्ट मात्र पलीकडच्या काठावर आहेत. ते काहीच करत नसल्यासारखे दिसतात. ते ढिले झाले, तर इंजिन पाण्यात जाईल आणि बहुधा होडीलाही कलती करील. डोळे मिटा. तुमच्या घरातल्या एखाद्या मोठ्या कामाचा पलीकडचा काठ कोणी धरला होता? बदलीच्या गावी तुम्ही गेलात, तेव्हा इथलं दुखणं-खुपणं कोणी पाहिलं? रात्रपाळीच्या वर्षांत मुलांच्या शाळेच्या वेळा कोणी सांभाळल्या? त्या माणसाचं नाव मनात आणा. थोडा वेळ ते नाव तसंच राहू द्या.

दुसरं मनन, जोराचं. इंजिन सुरू झालं. उभ्या फळीच्या माथ्यापासून अर्धा मीटर खाली पाण्यात पंखा फिरतो आहे आणि होडीला पुढे रेटतो आहे. हा रेटा 25 किलोंचा धरा. खालचं टोक पुढे जाऊ पाहतं, त्यामुळे आडव्या फळीची पुढची कड वर उठू पाहते आणि मागची कड काठावर दाबली जाते. पुढच्या आणि मागच्या बोल्टांत 20 सेंटिमीटरचं अंतर असेल, तर पुढच्या बाजूला 62 किलोंच्या आसपास ओढ येते. अंतर 10 सेंटिमीटरच ठेवलं, तर 125 किलो. रेटा तोच, इंजिन तेच. पाया अरुंद केला एवढ्याने ओझं दुप्पट झालं. म्हणून फळी रुंद घ्या, 25 सेंटिमीटरची. उभ्या आणि आडव्या फळीच्या कोनात तिरके आधार द्या. अंगातली ताकद वाढवता येत नसेल, तेव्हाही उभं राहण्याची जागा रुंद करता येते. माणसालाही हे लागू आहे.

तिसरं मनन, वॉशरचं. दहा मिलिमीटरच्या बोल्टाचा साधा वॉशर 20 मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याऐवजी 30 मिलिमीटरचा मोठा वॉशर घातला, तर व्यास दीडपट होतो, पण लाकडावर टेकणारी जागा अडीचपटीहून जास्त वाढते. लहान वॉशर आवळला की लाकडात रुततो, रुतला की बोल्ट सैल होतो, सैल झाला की भोक मोठं होत जातं. मोठा वॉशर तेच ओझं लाकडाच्या अनेक तंतूंना वाटून देतो. सगळं एकाच बिंदूवर न येऊ देणं, हे या काही रुपयांच्या चकतीचं काम.

चौथं मनन, पाण्याचं. लाकूड सागाचं घ्या किंवा मरीन प्लाय घ्या. प्लायवर आयएस 710 चा शिक्का पाहा, भारतीय मानक ब्यूरोचं मरीन प्लायसाठीचं ते मानक आहे. उभ्या फळीसाठी 18 मिलिमीटरचे दोन थर चिकटवले की इंजिनाच्या पकडीला पुरेशी जाडी येते. पण लक्षात घ्या, प्लाय सहसा पृष्ठभागावरून कुजत नाही. पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून आणि पाडलेल्या भोकातून. जिथे आपण त्याला छेद दिला, तिथूनच. म्हणून प्रत्येक कडेला आणि प्रत्येक भोकाच्या आतल्या भिंतीला रेझिन पाजायचं. एक हात द्यायचा, सुकू द्यायचं, पुन्हा द्यायचं. ही घाई करण्याची जागा नव्हे. नव्या जबाबदारीसाठी स्वतःच्या दिवसात छेद घ्यावा लागतो, झोपेत, वाचनात, जेवणाच्या वेळेत. तो घेतला असेल, तर त्याच्या कडा आपण नीट बंद केल्या का, हे विचारून पाहा.

पाचवं मनन, मिठाचं. कळंबोलीचा लोखंड बाजार इथून जवळ आहे आणि मनात येतं की सरळ लोखंडी अँगल वेल्ड करून घ्यावा. साधं लोखंड खाडीत लवकर गंजतं, शिवाय जड पडतं. बोल्ट तरी स्टेनलेस घ्या, त्यातही 316 जातीचे, कारण खाऱ्या पाण्यात 304 वर बारीक खड्डे पडतात. अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले, तर अॅल्युमिनियम झिजत जातं. दोन्ही धातू आपापल्या जागी चांगले आहेत. मध्ये नायलॉनचा पातळ वॉशर हवा, एवढंच. जवळ राहायचं असेल तर मध्ये थोडं अंतर राखावं लागतं.

सहावं मनन, मापाचं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते, चालताना ती पाण्याखालीच राहिली पाहिजे. ती वर आली, तर पंखा हवा ओढतो, इंजिन किंचाळतं आणि होडी जागची हलत नाही. आखूड दांड्याच्या इंजिनात पकडीपासून या पट्टीपर्यंत 15 इंच, म्हणजे 38 सेंटिमीटर असतात. पट्टी पाच सेंटिमीटर बुडायची, तर उभ्या फळीचा माथा पाण्यापासून 33 सेंटिमीटरहून वर नको. हे माप रिकाम्या होडीचं घेऊ नका. माणसं बसवा, जाळं ठेवा, पाण्याचा कॅन ठेवा आणि मग मोजा. रोज जे ओझं वाहायचं आहे, त्या ओझ्यासकट घेतलेलं मापच खरं.

सातवं मनन, सोडण्याचं. ओहोटीच्या खाडीत कधीतरी पंखा चिखलाला किंवा बुडालेल्या खुंटाला लागणारच. त्या क्षणी इंजिनाचा खालचा भाग उसळून वर यायला हवा, म्हणून त्याची वर उचलण्याची बिजागरी मोकळी असावी आणि मागे तेवढी जागा असावी. ब्रॅकेटने घट्ट धरायचं आणि इंजिनाला उसळू द्यायचं, दोन्ही एकाच रचनेत. आणि या सगळ्याच्या वर एक दोरी, इंजिनाच्या अंगाला बांधलेली आणि होडीत पक्की केलेली. स्क्रू सुटलाच, तर ती इंजिन तळाला जाऊ देणार नाही.

आता मान वर करा. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झालं. गाढी आणि उलवे नद्यांच्या मधल्या जमिनीवर तो उभा आहे. तिथून उडणाऱ्या विमानांचं इंजिनही पंखाखाली एका आधारानेच लटकलेलं असतं, त्याला पायलॉन म्हणतात. 25 मे 1979 रोजी शिकागोला उड्डाण घेतानाच एका डीसी-10 विमानाचं डावं इंजिन पायलॉनसकट निखळलं आणि 273 माणसं गेली. इंजिन चांगलं होतं, पंखही चांगला होता. देखभालीच्या वेळी इंजिन आणि पायलॉन वेगवेगळे उतरवण्याऐवजी वेळ वाचावा म्हणून फोर्कलिफ्टने एकत्र काढले गेले आणि त्यात जोडाला तडा गेला, असं चौकशीत निघालं. इंजिनाकडे सगळे पाहतात, जोडाकडे पाहणारी माणसं थोडी असतात. त्या थोड्यांत आपण असावं.

आता हे सगळं आत घ्या. श्वास सावकाश सोडा. अलीकडे तुमच्या आयुष्यात कोणतं नवं बळ जोडलं गेलं? बढती, घराचं कर्ज, मोठा क्लास लावलेलं मूल, संस्थेतलं पद. ते बळ वाईट नाही. उलट्या पाण्यात ते हवंच होतं. फक्त विचारा: ते कुठे टेकलं आहे? तो पाया रुंद आहे का? ओझं एकाच माणसावर तर रुतत नाही? पलीकडचा काठ धरणाऱ्याकडे कितीदा पाहिलं? बळ विकत मिळतं, उसनंही मिळतं. ते पेलणारी जागा मात्र आपल्यालाच करावी लागते, तीही बळ येण्याआधी.

आणि ज्यांना खरोखर होडीला इंजिन लावायचं आहे, त्यांच्यासाठी चार शब्द. यंत्र चढलं की होडीची कायद्यातली ओळख बदलते. नोंदणीची चौकशी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे करा, मासेमारी करत असाल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे. 1 जून ते 31 जुलैच्या पावसाळी मासेमारी बंदीतून बिगरयांत्रिक पारंपरिक होडीला मिळणारी सूट इंजिन लावलेल्या होडीला नाही. पहिली चाचणी भरतीच्या स्थिर पाण्यात, किनाऱ्याजवळ, कमी वेगात घ्या. वल्ही होडीतच ठेवा. जीवरक्षक जाकीट घाला. पहिल्या काही मिनिटांनी थांबून चारही नट पुन्हा आवळा, कारण नवं लाकूड दबतं. पुढेही दर खेपेला, इंजिन सुरू करण्याआधी, पलीकडच्या काठावरचे बोल्ट आधी तपासा.