आजचा श्लोक : उत्तरायण आणि एक न दिलेली शुभेच्छा



आज २० डिसेंबर, गाडगेबाबांची पुण्यतिथी. या दिवशी जमेल तसा मी पुण्याहून गावी, वलगावला येतो. १९५६ साली याच तारखेला, अमरावतीला नेत असताना, आमच्या पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांनी देह ठेवला. सकाळी पुलावर जाऊन हात जोडून आलो. थंडी अशी की बोटं वळत नव्हती. आता अंगणात उन्हाला पाठ देऊन लिहितोय.

क्रमाने वाचताना आज नेमका आला गीतेचा आठवा अध्याय, श्लोक २४. अग्नी, ज्योती, दिवस, शुक्ल पक्ष आणि उत्तरायणाचे सहा महिने. या वाटेने गेलेले ब्रह्मवेत्ते ब्रह्माला पोचतात, असं भगवंत सांगतात. पुढच्या श्लोकात धूर, रात्र, कृष्ण पक्ष, दक्षिणायन. त्या वाटेने गेलेला परत येतो.

वाचलं आणि मन अडकलं. बाबा गेले तेव्हा तर दक्षिणायन होतं! सूर्य वळायला अजून दीड-दोन दिवस होते. भीष्माचार्य बाणांवर अठ्ठावन्न रात्री पडून राहिले, उत्तरायणाची वाट पाहत. बाबा नाही थांबले. मग ज्याने आयुष्यभर ऋणमोचनच्या घाटापासून पंढरपूरच्या धर्मशाळेपर्यंत दुसऱ्याच्या पायाखालचा कचरा काढला, तो माणूस परतीच्या वाटेला लागला असं म्हणायचं का?

आचार्यांनी हे कोडं फार आधी सोडवलंय. शंकराचार्य या श्लोकावर म्हणतात की इथे उत्तरायण म्हणजे कॅलेंडरवरचे महिने नाहीत, त्या वाटेवर पुढे नेणारी देवता आहे. आणि ब्रह्मसूत्रांच्या चौथ्या अध्यायात स्वच्छच सांगितलंय की ज्ञानी दक्षिणायनात गेला तरी त्याला फळ तेच. तारीख ही अट नाहीच. हे वाचून मला बाबांपेक्षा स्वतःचीच जास्त आठवण झाली, कारण मागच्या वर्षी एका तारखेवरूनच मी एकाशी वाईट वागलो होतो.

आमच्या ऑफिसात एक जण आहे, परतवाड्याकडचा. पहिल्याच दिवशी त्याने ‘काहून भाऊ’ म्हटलं आणि आमचं जमलं. तो ख्रिस्ती. दिवाळीत त्याचा मेसेज सगळ्यात आधी येतो. मागच्या पंचवीस तारखेला त्याने ग्रुपवर ‘मेरी ख्रिसमस’ टाकलं, खाली माझं नाव घेऊन ‘भाऊ, केक ठेवलाय तुझ्यासाठी’. मी काय केलं? आदल्या रात्री आलेला एक फॉरवर्ड चिकटवला. हा येशूचा जन्मदिवस नाहीच, हा सूर्यपूजकांचा सण, चोरलेला आहे, वगैरे. त्याने ‘बरं भाऊ’ एवढंच लिहिलं.

गंमत म्हणजे तो फॉरवर्ड अगदीच खोटा नव्हता. बायबलमध्ये येशूच्या जन्माची तारीख दिलेलीच नाही. रोममध्ये १७ डिसेंबरपासून सॅटर्नालिया चालायचा. त्यात मालक आणि गुलाम एका पंगतीला बसत. सम्राट ऑरेलियनने इ.स. २७४ मध्ये अजिंक्य सूर्याचं मंदिर उभारलं. इ.स. ३५४ च्या एका रोमन संग्रहात २५ डिसेंबरला अजिंक्याचा जन्मदिवस लिहिलाय आणि त्याच संग्रहात दुसऱ्या पानावर ख्रिस्तजन्मही त्याच तारखेला. कोणी कोणाचं घेतलं यावर विद्वान अजून भांडतात. काहींचा हिशेब वेगळाच आहे, २५ मार्चला गर्भधारणा मानून पुढे नऊ महिने. उत्तर युरोपात तर यूलचा सण होताच, त्याचे ओंडके आणि हिरव्या फांद्या पुढे ख्रिसमसमध्ये आल्या असं मानतात. आपण नाताळ म्हणतो तो शब्द पोर्तुगीजांकडून आला, मुळात लॅटिन, अर्थ ‘जन्माचा’. सूर्याच्या जन्मदिवसालाही रोमन लोक तोच शब्द वापरत!

पण हाच दिवा जरा आपल्याकडे फिरवू या. संक्रांत आपण १४-१५ जानेवारीला करतो आणि त्या दिवसापासून उत्तरायण म्हणतो. आकाशात मात्र सूर्य २१-२२ डिसेंबरलाच वळलेला असतो. त्या दिवशी इकडे अमरावतीत दिवस अकरा तासांचाही भरत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कणाकणाने वाढू लागतो. आपलं पंचांग निरयन, म्हणजे ताऱ्यांना धरून चालणारं. पृथ्वीचा आस हळूहळू फिरतो, म्हणून साधारण बहात्तर वर्षांत एक दिवस असं अंतर पडत गेलं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी संक्रांत आणि सूर्याचं वळणं एकाच दिवशी येत होतं. म्हणजे साधारण ऑरेलियनच्याच काळात. तिकडे रोममध्ये आणि इकडे आपल्याकडे, एकमेकांना न विचारता, माणसं थंडीत कुडकुडत त्याच एका सूर्याकडे तोंड करून उभी होती. आज ते २५ ला अडकले, आपण १४ ला. चोर कोण? सूर्याला आपण सोडून सगळे माहीत असतील.

आणि पौषातले रविवार कुठून आले? आदित्य राणूबाईची कहाणी, ऋणमोचनची पौषातल्या रविवारची यात्रा, सगळं थंडीत सूर्याचीच आठवण काढणं. त्यात कुठला थर केव्हाचा, हे सोलत बसलो तर हातात कांद्यासारखं काहीच उरायचं नाही. पण यात्रेला जाणाऱ्या बाईचा नमस्कार खोटा ठरतो का? मग त्याचा केक कसा खोटा?

हे सगळं मी काल रात्री आईला सांगितलं, फॉरवर्डसकट. रोमपर्यंत तिने शांतपणे ऐकलं. मग विचारलं, “त्यानं तुले शुभेच्छा देल्ल्या. तू काय देल्लं त्याले?”

मी गप्प.

बाबा गेल्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आईला येत नाही. कोणी मुद्दाम टाळतं असं नाही, बस येत नाही. ती म्हणाली, “मले हळदीकुंकवाले कोणी बोलावत नाई. पण गल्लीतले लेकरं येतात, तिळगूळ देऊन जातात. तेवढ्यानं दिवस बरा जाते. तू त्याले तेवढंई नाई देल्लं.”

रात्रभर तेच डोक्यात होतं. तिळगूळ घ्या, गोड बोला. या वाक्यात देवाचं नाव नाही. जात नाही, ग्रंथ नाही, सधवा-विधवा नाही. तिकडे इंग्रजीत ‘हॅपी हॉलिडेज’ म्हणावं की ‘मेरी ख्रिसमस’ यावरून दरवर्षी वाद घालतात. आपल्याकडे कुणालाही देता येईल अशी थंडीतली शुभेच्छा केव्हापासूनची पडून आहे. (हळदीकुंकवाला मात्र आपण ती अर्धीच लागू केली, हे आपलं कर्म.) आणि गीतेच्याच नवव्या अध्यायात, श्लोक २३ मध्ये, भगवंत म्हणतात की दुसऱ्या देवतांना श्रद्धेने भजणारेही मलाच भजतात. नवव्या अध्यायापर्यंत आपण अजून पोचायचे आहोत, पण मला हा श्लोक मागच्या डिसेंबरात आठवायला हवा होता.

मागच्याच संक्रांतीची एक गोष्ट सांगायची राहिली. मी ऑफिसात डबा घेऊन फिरत होतो. त्याच्यापुढे आलो, सवयीने म्हटलं, गोड बोल. त्याने लाडू घेतला आणि हसून म्हणाला, “हे दोघायनं बोलाचं असते न्, भाऊ?” तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

आज पुलावरून परत येताना त्याला फोन केला. माफी मागायची होती, पण आधी पाच मिनिटं थंडीवरच बोललो. मग एकदाचं बोललो. तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, चोवीसला घरी येतोय. अमरावतीहून परतवाड्याची एसटी वलगाववरूनच जाते. मी म्हटलं, उतर, जेवून जा. नाताळच्या शुभेच्छा समोरासमोर देतो.

आईला सांगितलं. संक्रांतीला अजून साडेतीन आठवडे आहेत, पण तिने सुपात तीळ निवडायला घेतलेत.