न पाहिलेली मॅच

वाचकहो, खरं सांगा, बालगंधर्वांना ऐन भरात रंगमंचावर तुम्ही पाहिलंय? शक्यच नाही. ते १९६७ साली गेले आणि त्यांचा बहर त्याच्याही कितीतरी आधीचा. तरी मंडळाच्या गणेशोत्सवात विषय निघाला की आपण ‘काय तो गळा, काय ते रूप!’ म्हणून मान डोलावतोच. आजोबांचं पाहणं आपण केव्हाच आपलं करून टाकलेलं असतं. मला यात कधी काही खटकलं नव्हतं. खटकलं ते इथे, इंग्लंडमध्ये, शेजारच्या आजोबांमुळे.

बर्मिंगहॅमजवळ डडली नावाचं गाव आहे. त्याच्या बाजारपेठेत डंकन एडवर्ड्सचा पुतळा उभा आहे. हा गावचाच मुलगा. सोळाव्या वर्षी मँचेस्टर युनायटेडकडून पहिली मॅच खेळला, अठराव्या वर्षी इंग्लंडकडून. इथल्या एका चर्चमध्ये त्याची रंगीत काचेची खिडकीही आहे, म्हणजे गावाने त्याला जवळजवळ संतच केलंय. त्याच्या खेळाची हलती चित्रं मात्र फारच थोडी उरलीत. बाकी सगळा भरवसा पाहणाऱ्यांच्या शब्दावर.

आमचे शेजारी असे एक पाहणारे. पंच्याहत्तरी ओलांडलेले. १ फेब्रुवारी १९५८ ला वडिलांबरोबर रेल्वेने लंडनला, आर्सेनलच्या हायबरी मैदानावर गेल्याची गोष्ट मी त्यांच्याकडून दहा वेळा तरी ऐकली असेल. युनायटेडने ती मॅच ५-४ अशी जिंकली, पहिला गोल एडवर्ड्सचा. इंग्लंडच्या भूमीवरची त्याची ती शेवटची मॅच. पाच दिवसांनी म्युनिकला बर्फाच्या चिखलातून विमान नीट उडालंच नाही. तेवीस माणसं गेली, त्यात आठ खेळाडू. एडवर्ड्स हॉस्पिटलमध्ये पंधरा दिवस झुंजला आणि २१ फेब्रुवारीला गेला. वय एकवीस.

एकदा त्यांच्याकडे चहाला गेले होते. त्यांची थोरली बहीण स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, “त्या दिवशी हा गालगुंड होऊन अंथरुणात होता. बाबा एकटेच गेले होते.”

आता सांगा, हे आजोबा खोटारडे का? त्या दिवशी हायबरीला ६३,५७८ प्रेक्षक होते. आज ‘मी तिथे होतो’ म्हणणाऱ्यांना एकत्र केलं तर ते मैदान पुरणार नाही अशी माझी शंका आहे. पण आजोबांनी गोष्ट रचली नव्हती. वडिलांनी घरी येऊन सांगितलं ते नऊ वर्षांच्या तापलेल्या पोराने इतकं घट्ट धरून ठेवलं, की पुढे आपण तिथे नव्हतो हेच तो विसरला. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. करावं असं आजही वाटत नाही. वारशात आलेलं भांडं आपण बाजारातून विकत आणलं असं कुणी म्हणालं, तर भांडं काही खोटं ठरत नाही.

पण एक गोष्ट मनातून जात नाही. उसन्या आठवणीला लगाम नसतो. ज्याने खरोखर पाहिलं त्याला चुकलेला पासही आठवतो. पुढच्याच्या हाती फक्त लखलखाट येतो. मग सुरू होतं, ‘तो असता तर १९६६ चा वर्ल्ड कप त्यानेच उचलला असता.’ असेलही. तेव्हा तो एकोणतीस वर्षांचा असता. पण तो कप बॉबी मूरने उचलला, स्वतः खेळून, आणि ‘असता तर’शी स्पर्धा करून कुणी जिंकलंय का? एकविसाव्या वर्षी गेलेल्याला खराब सीझन नाही, सुटलेलं पोट नाही. आणि त्याच अपघातातून वाचलेले? जॉनी बेरी आणि जॅकी ब्लँचफ्लावर जिवंत परतले, पण पुन्हा कधी खेळले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं ते माजी खेळाडू म्हणून जगले. त्यांच्या नावाने कुणी हळहळताना मी तरी ऐकलेलं नाही. आपलं दुःखही देखणंच माणूस निवडतं की काय?

परवा आजोबांनी हायबरीची गोष्ट माझ्या मुलीला सांगायला घेतली. ती रंगून ऐकत होती. गोष्ट संपल्यावर मी विचारलं, “आणि बेरी? तो तर इथलाच ना, बर्मिंगहॅम सिटीकडून गेलेला. तुमचे बाबा त्याच्याबद्दल काय सांगायचे?”

आजोबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

“त्या दिवशी तो टीममध्ये नव्हता,” ते म्हणाले. मग खुर्चीच्या हातांना धरून उठू लागले. “थांबा, ताईला विचारतो. ती बाबांबरोबर त्याआधीही मॅचला जायची. तिने पाहिलं असेल त्याला.”