तीन गुणांचा मोह

अमेरिकेत संख्याशास्त्रात एमएस किंवा पीएचडी करायला निघालेल्या मुलांचा ऑक्टोबरात एक ठरलेला प्रश्न असतो: जीआरई पुन्हा देऊ का? या प्रवेश परीक्षेच्या गणिताच्या भागात, म्हणजे क्वांटमध्ये, १७० पैकी १६५ आलेले असतात, मित्राला १६९ पडलेले असतात आणि डिसेंबरच्या मुदती दिसू लागलेल्या असतात. गंमत म्हणजे हा प्रश्न संख्याशास्त्राचाच आहे, आणि या मुलांना तो तसा दिसत नाही.

क्वांटचे प्रश्न २७, वेळ ४७ मिनिटं. एवढ्याशा नमुन्यावरून काढलेल्या स्कोअरमध्ये साधारण दोन गुणांची प्रमाण त्रुटी असते. दोन प्रयत्नांमधल्या फरकात ती तीनच्या घरात जाते. म्हणजे १६५ आणि १६८ हे एकाच मुलाचे, तेवढ्याच तयारीचे असू शकतात. त्यात कुठला स्कोअर पाठवायचा, हे परीक्षा घेणारी संस्था ईटीएस विद्यार्थ्यालाच निवडू देते. वाढला तर पाठवायचा, घसरला तर झाकून ठेवायचा. पहिला स्कोअर आपल्या खऱ्या पातळीइतकाच होता असं धरलं, तर पुस्तक न उघडता पुन्हा बसल्यावरही पाठवायचा आकडा सरासरीने जवळजवळ एका गुणाने वाढतो. या एका गुणासाठी वीस हजारांवर रुपये, तेही बहुधा वडिलांचे.

पण पहिला स्कोअर खऱ्या पातळीइतका नसला तर? उंच आईबापांची मुलं सरासरीकडे झुकतात, हे फ्रान्सिस गॉल्टनने १८८६ मध्ये मांडलं. परीक्षेचे गुणही तसेच झुकतात. घरच्या सराव चाचण्यांत सतत १६७-१६८ आणि प्रत्यक्षात १६१, असं झालं असेल तर तो दिवस वाईट होता आणि पुढचा बरा असण्याची शक्यता मोठी. सरावात १६३ आणि परीक्षेत १६६ मिळालेल्याने मात्र गुपचूप बसावं. ‘दुसऱ्या प्रयत्नात आमच्या मुलांचे गुण वाढले’ अशा क्लासच्या जाहिरातींतही गॉल्टनचा हात असतो. पुन्हा बसणारे बहुतेक पहिल्यांदा घसरलेलेच असतात. त्यांची थोडी वाढ क्लास न लावताही झाली असती.

आता पलीकडून, प्रवेश समितीच्या बाजूने पाहू. क्वांटचा अभ्यासक्रम जवळजवळ सगळा शालेय गणिताचा: टक्केवारी, त्रिकोण, फार तर प्रमाण विचलन. त्यात इतक्यांना पैकीच्या पैकी मिळतात की १७० लाही पर्सेंटाइल नव्वदीच्या थोडंच वर असतं. त्यामुळे कमी गुण शंका निर्माण करतात, पण जास्त गुणांनी काही सिद्ध होत नाही. प्रवेश समितीला माणूस कळतो तो रिअल ॲनालिसिस, लिनियर अल्जेब्राच्या ग्रेडमधून आणि शिफारसपत्रांतून. २०२० नंतर तर कितीतरी विभागांनी जीआरई ऐच्छिक केली.

तरी मुलं पुन्हा बसतात, आणि ते मला समजतं. गुणपत्रिका केव्हाच छापून झालेली असते, शिफारसपत्र सरांच्या मर्जीवर. अर्जासोबतचं उद्देशपत्र (एसओपी) तेवढं आपल्या हातात, पण ते दहादा लिहूनही सुधारलं की बिघडलं, हे सांगणारा आकडा येत नाही. जीआरईचा येतो. ज्याला आकडा आहे तेच सुधारावंसं वाटतं, आणि या मुलांचा तर विषयच आकड्यांचा! प्रबंधात कुणी असं केलं असतं, सोपं मोजता येतं म्हणून बिनमहत्त्वाचं चल उचललं असतं, तर यांनीच त्याला फाडून खाल्लं असतं.

माझं मत विचाराल तर १६५ च्या वर असलेल्याने, सरावाचे आकडे फार वेगळं सांगत नसतील तर, तो महिना सिद्धता लिहिण्यात घालवावा. निदान पहिल्या सत्रात कामाला येतील. ज्याचे सरावातले १६८ परीक्षेत १६१ झाले, त्याने मात्र २१ दिवसांची सक्तीची वाट संपल्यावरची मिळेल ती पहिली तारीख घ्यावी. आणि तोवर, शिफारसपत्र द्यायचं कबूल केलेल्या सरांना एकदा फोन करावा.