धनी कोण?

मलिक अंबरचे नाव निघाले की आपल्याकडे कौतुकाचा सूर लागतो. इथिओपियात १५४८ च्या सुमारास जन्मलेला हा मुलगा अरबस्तानातल्या बाजारांत हातोहात विकला जात दख्खनला पोचला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. धनी वारल्यावर अंबर मोकळा झाला. १६०० मध्ये नगर मोगलांनी घेतल्यावर त्याने नवा निजामशहा गादीवर बसवला आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ राज्याचा कारभार स्वतःच हाकला. जहांगीरला त्याने पुरते जेरीस आणले.

यावरून तो काळ समतेचा होता असे काहीजण सुचवतात. मला ते पटत नाही. नातेगोते, वतन, जात यांत न गुंतलेला लष्करी गुलाम सुलतानाला भरवशाचा वाटे, म्हणून त्याला वर चढू देत. सोय सुलतानाची होती. त्याच मुलखातल्या महाराला कोणी विकत घेतले नव्हते. तरी सांगावे पोचवणे, मेलेली गुरे ओढणे, सरकारी ओझी वाहणे त्याच्या जन्मालाच चिकटलेले. अंबरचा धनी मेला आणि अंबर सुटला. महाराचा धनी अख्खा गाव, तो मरणार कसा?

पेशवाईत कुणबिणी आणि बटकी विकत मिळत. व्यभिचाराचा ठपका ठेवून बाईला सरकारजमा करीत आणि तिची कुणबीण होई. म्हणजे गुलाम बाहेरूनच आणावे लागत असेही नव्हते.

कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने माणसावरची मालकी न्यायालयाने मान्य करणे बंद झाले. पण त्या कायद्याला फक्त विकलेला माणूस दिसत होता. जन्माने बांधलेला माणूसही गुलामच, हे ठणकावून सांगितले जोतीराव फुल्यांनी. १८७३ सालचे ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून सोडवणाऱ्यांना अर्पण केले. ही अर्पणपत्रिका मला पुस्तकाइतकीच महत्त्वाची वाटते. शूद्रातिशूद्रांचे दुःख तिथे पहिल्यांदा जगाच्या हिशेबात मांडले गेले. महार वतनाविरुद्ध बाबासाहेब १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक घेऊन उभे राहिले. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा यायला १९५८ उजाडले. मधल्या काळात संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला बंदी घातली होती.

१९७६ मध्ये वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा झाला. पुढे १९८२ मध्ये, दिल्लीच्या एशियाड बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत करून घेतलेले काम सक्तीचेच ठरवले. चाबूक नको, भुकेची सक्तीही सक्तीच. माझ्या मते अंबरच्या काळापासूनची ही सर्वांत लांबची उडी.

आता बीडचा ऊसतोड मजूर पाहा. हंगामाआधी तो मुकादमाकडून उचल घेतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर, मजुरीही जोडीचीच, बाईचा वेगळा हिशेब नाही. एखादा दिवस खाडा झाला की पैसे कापतात, आणि हंगामात उचल फिटली नाही तर ती पुढच्या वर्षावर चढते. कारखान्याला विचारावे तर तो मुकादमाकडे किंवा वाहतूक ठेकेदाराकडे बोट दाखवतो: मजूर आमचे नाहीतच. मुकादम म्हणतो, मीही कारखान्याकडून उचल घेतली आहे. कोयता मात्र पहाटेपासून फडात असतो.