वाट मोकळी करण्याचे पाचारण

पाचारण म्हटले की मत्तय जकातनाक्यावरून उठतो, पेत्र जाळी टाकून निघतो, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु प्रभू आपल्या सेवकाला कधीकधी दुसऱ्यासाठी वाट मोकळी करण्यासही बोलावतो. ही हाक ओळखणे फार अवघड, कारण तिच्यासाठी कोणी सत्कारसमारंभ करीत नाही.

दिल्लीतील सेंट स्टीफन्स कॉलेज केंब्रिज मिशनने १८८१ साली सुरू केले. १९०६ साली तेथे नवा प्राचार्य नेमावयाचा होता. त्या काळी असा प्रमुख इंग्रज असावा हे जणू गृहीतच होते, आणि १९०४ पासून तेथे शिकविणारे रेव्हरंड सी. एफ. अँड्र्यूज डोळ्यांपुढे होतेच. पण सुशीलकुमार रुद्र हे बंगाली ख्रिस्ती गृहस्थ त्यांच्या कितीतरी आधीपासून तेथे सेवा करीत होते. अँड्र्यूज यांनी स्वतः बाजूला होऊन रुद्र यांच्या नावाचा आग्रह धरला. रुद्र कॉलेजचे पहिले भारतीय प्राचार्य झाले व १९२३ पर्यंत त्या पदावर राहिले. अँड्र्यूज १९१४ पर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकवीत होते.

पद नाकारून दूर निघून जाणे एकवेळ सोपे. ज्याला ते मिळाले त्याच्या सूचना आठ वर्षे आनंदाने पाळणे, येथे सेवकाचा प्रामाणिकपणा कसाला लागतो. बर्णबाचेही असेच झाले. शौलाला तार्साहून शोधून अंत्युखियास आणले ते त्यानेच. प्रेषितांच्या कृत्यांचा तेरावा अध्याय उघडा : आरंभी बर्णबाचे नाव प्रथम येते, अध्याय संपण्यापूर्वी पौलाचे. बर्णबाने कुरकुर केल्याचे लूक कोठेही लिहीत नाही. पुढे दोघांचा तीव्र वाद झाला खरा, पण तो मार्कासाठी!

रेव्हरंड टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली हे आपण अभिमानाने सांगतो. चर्च कमिटीची निवडणूक आली, की मात्र आपल्यांतील काही जण कोर्टाची पायरी चढतात.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळीत शब्बाथ शाळेपासून खजिनदारीपर्यंत जे काम आज आपल्या हाती आहे, त्यासाठी प्रभूने दुसऱ्या कोणाला तयार केले आहे काय? येत्या वार्षिक सभेपूर्वी त्या व्यक्तीचे नाव घेऊन प्रार्थना करा, आणि सभेत ते नाव आपणच सुचवा.