मुक्याची ओळख कोणी सांगावी?

मनुष्य वाट चुकला तर तो चार जणांना विचारतो, आपले नाव सांगतो, गाव सांगतो. लहान मूल जत्रेत हरवले तर ते निदान आईबापांचे नाव घेऊन रडते, आणि त्या रडण्यावरून कोणी ना कोणी त्याला घरी पोहोचविते. घरात वाढलेले कुत्रे हरवले म्हणजे मात्र त्याला यांपैकी काहीच साधत नाही. त्याला घर ठाऊक असते, पण घराचा पत्ता ठाऊक नसतो. आपले नाव त्याला ऐकून कळते, पण ते दुसऱ्याला सांगता येत नाही. अशा प्राण्याची ओळख कोणत्या रीतीने पटवावी, हा प्रश्न वरवर पाहता पशुवैद्याच्या किंवा नगरपालिकेच्या कक्षेतला वाटेल. तथापि थोडा विचार केला असता तो धर्माधर्माच्या विचारापर्यंत जाऊन भिडतो, असे आम्हांस वाटते. आपल्या सभासद-कुटुंबांपैकी पुष्कळांच्या दारी आज कुत्रे आहे. दर वर्षी दिवाळीच्या फटाक्यांनी भेदरून कितीतरी कुत्री दावे तोडून पळतात, आणि आपल्या ओळखीच्या वासाची सीमा ओलांडली की त्यांना परतीचा मार्ग सापडत नाही. म्हणून हा विषय येथे मांडणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. ओळख दोन प्रकारची असते. एक जिव्हाळ्याची आणि दुसरी पुराव्याची. घरच्यांना आपले कुत्रे त्याच्या चालण्यावरून, भुंकण्यावरून, दारावर पाय घासण्याच्या आवाजावरूनही ओळखू येते. कुत्र्याला तर याहून कमी पुरते, कारण त्याला केवळ गंध पुरा होतो. ग्रीक कवी होमर याच्या 'ओडिसी' या महाकाव्यात वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात परतलेल्या ओडिसिअसला त्याच्या मरणोन्मुख झालेल्या कुत्र्याने तत्काळ ओळखले, अशी कथा आहे. तेथे ना बिल्ला होता ना दाखला. तात्पर्य, खुणेची गरज कुत्र्याला नाही आणि आपल्यालाही नाही. ती आहे तिसऱ्याला. ज्या परक्या मनुष्याच्या अंगणात ते भेदरलेले जनावर येऊन उभे राहील, त्याला ती हवी आहे. यावरून आम्ही कसोटी ठरवितो ती अशी : जी खूण त्या तिसऱ्याला वाचता येईल, जी कुत्र्याला कमीत कमी पीडा देईल, आणि जी सहजासहजी नाहीशी होणार नाही, ती उत्तम.

आता प्रचारात असलेले उपाय या कसोटीला लावून पाहू.

सर्वांत जुना आणि सर्वांत साधा उपाय म्हणजे गळ्यातील पट्टा व त्यास अडकविलेला बिल्ला. त्यावर घरच्या दूरध्वनीचा क्रमांक कोरलेला असला की रस्त्यावरचा कोणीही मनुष्य, मग तो रिक्षावाला असो, भाजीवाली असो की देवळाचा पहारेकरी असो, तो वाचून लगेच कळवू शकतो. त्यासाठी यंत्र नको, कचेरी नको, रविवारची सुटीही आड येत नाही. हा गुण इतर कोणत्याही उपायात नाही. परंतु पट्टा तुटतो, निसटतो, अंघोळीच्या वेळी काढून ठेवला की खुंटीवरच राहतो, आणि ज्याला कुत्रे चोरावयाचे आहे तो पहिल्या प्रथम पट्टाच काढून फेकतो. म्हणजे ही खूण वाचावयास सर्वांत सोपी असली, तरी टिकावयास सर्वांत दुबळी आहे.

दुसरा उपाय गोंदण्याचा. कानाच्या आतील बाजूस अथवा मांडीच्या आत क्रमांक गोंदवितात. ही खूण हरवत नाही हे खरे, पण कालांतराने ती पुसट होते, केसांत दडते, आणि वाचता आली तरी तो क्रमांक कोणत्या वहीत नोंदला आहे हे पाहणाऱ्यास कळत नाही. शिवाय गोंदताना होणारी वेदना लहान नसते.

तिसरा उपाय मायक्रोचिपचा. तांदळाच्या दाण्याएवढी, सुमारे 12 मिलिमीटर लांबीची ही काचेची बारीक कुपी सुईने दोन खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सोडतात. तिच्यात विद्युत्घट नसतो. वाचनयंत्र जवळ धरले की त्या यंत्राच्याच लहरींतून तिला शक्ती मिळते आणि ती आपला 15 अंकी क्रमांक सांगते. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार या लहरींची कंप्रता 134.2 किलोहर्ट्झ ठरविलेली आहे. चिप जन्मभर टिकते, चोराला ती सहज काढता येत नाही, आणि सुईची वेदना लस टोचण्याहून फारशी अधिक नसते. युरोपीय संघाच्या देशांत कुत्रे न्यावयाचे झाल्यास अशी चिप लागते, आणि तीही रेबीजची लस टोचण्यापूर्वी बसविलेली असावी लागते. परदेशी राहणाऱ्या मुलाबाळांकडे कुत्रे पाठविणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये. पण चिपविषयी दोन गैरसमज पुष्कळांच्या मनात असतात. पहिला असा की, चिप बसविली म्हणजे कुत्रे कोठे आहे हे घरबसल्या कळते. तसे मुळीच नाही. चिप केवळ विचारल्यावर उत्तर देते, आपण होऊन हाक मारीत नाही. दुसरा गैरसमज असा की, चिपमध्ये मालकाचे नाव असते. तिच्यात असतो तो फक्त क्रमांक, आणि नाव-पत्ता असतो नोंदवहीत. घर बदलले, दूरध्वनी बदलला आणि नोंद तशीच राहिली, तर ती चिप असून नसल्यासारखीच होय.

याखेरीज कुत्र्याचा ठावठिकाणा दाखविणारे जीपीएसचे पट्टे निघाले आहेत. ते शोधावयास उपयोगी पडतात, पण त्यांतील विद्युत्घट संपला अथवा पट्टा गळाला की मुके होतात. माणसाच्या बोटांच्या ठशाप्रमाणे प्रत्येक कुत्र्याच्या नाकावरील रेघांची ठेवण निराळी असते, म्हणून नाकाच्या ठशावरून ओळख पटविण्याचेही प्रयत्न झाले आहेत. हे सारे पूरक म्हणून स्वागतार्हच आहे. तथापि वाटसरूच्या हाती काही देत नाही ते पहिल्या क्षणी निरुपयोगी, आणि पट्ट्याबरोबर निघून जाते ते शेवटच्या क्षणी निरुपयोगी, हे सूत्र विसरता कामा नये.

मग उत्तम कोणता? आमचे मत असे की, येथे 'हा की तो' असा प्रश्नच चुकीचा आहे. बिल्ला हे रोजचे बोलणे आहे, तर चिप ही अखेरची साक्ष आहे. इंग्लंडने हा विचार कायद्यातच उतरविला आहे. तेथे 1992 च्या आदेशान्वये सार्वजनिक जागी कुत्र्याच्या गळ्यात मालकाचे नाव व पत्ता असलेला पट्टा असावा लागतो, आणि 6 एप्रिल 2016 पासून आठ आठवड्यांवरील कुत्र्यास चिप बसविणेही सक्तीचे झाले आहे. एक असताना दुसरे कशाला, असे त्या कायद्याने म्हटले नाही. आपल्याकडेही ही कल्पना अगदीच नवी नव्हे. दिल्ली महानगरपालिकेच्या 1957 च्या कायद्यात कुत्र्यांची नोंदणी करण्याची व नोंदलेल्या कुत्र्याच्या पट्ट्यास धातूचा बिल्ला लावण्याची तरतूद आहे. खेड्यापाड्यांतील गाईम्हशींच्या कानांतील बारा अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला तर आता सर्वांच्या परिचयाचा झाला आहे.

येथवर उपायांचा विचार झाला. पण खरा प्रश्न याच्या पुढे आहे. आपल्यापैकी अनेक जण सुशिक्षित आहेत, खर्च करण्यास समर्थ आहेत, कुत्र्यावर मायाही करतात. तरी त्याच्या गळ्यात आपला क्रमांक का बांधीत नाहीत? आळस हे एक कारण झाले. त्याखाली दुसरे एक कारण दडलेले असते, आणि ते मनुष्य स्वतःपाशीही सहसा उच्चारीत नाही. खूण नसली की कुत्र्याने कोणास चावा घेतला तरी 'आमचे नव्हे' असे म्हणता येते. ते म्हातारे झाले, आजारी पडले, बदलीच्या गावी नेणे अवघड झाले, तर दूरच्या वस्तीत सोडून देता येते आणि कोणी जाब विचारीत नाही. ही पळवाट उघडी ठेवावी असे मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी वाटत असते. जनावराला उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत निष्कारण सोडून देणे हा 1960 च्या प्राणिक्लेश-प्रतिबंधक कायद्याने अपराध मानला आहे. पण ज्याच्या अंगावर खूणच नाही त्याला कोणी सोडले, हे कायद्याने तरी कसे शोधावे?

यावरून आमच्या मते या खुणेचा खरा अर्थ स्पष्ट होतो. 'हे माझे आहे' असे सांगणारा मालकीचा शिक्का म्हणजे ही खूण, असा सामान्य समज आहे. आम्ही म्हणतो, 'याच्याविषयी मला विचारा' असे सांगणारे ते ऋणपत्र आहे. भांड्यावर नाव घालतो ते भांडे परत मिळावे म्हणून. कुत्र्याच्या गळ्यात नाव घालावयाचे ते आपण त्याला परत मिळावे म्हणून. भांड्यावरील नावाने आपला हक्क सांगितला जातो, तर येथे आपले कर्तव्य सांगितले जाते. हा फरक समजला म्हणजे चिप की बिल्ला हा वाद गौण ठरतो, आणि नोंद आपण दर वर्षी तपासतो की नाही, हा प्रश्न मुख्य होतो.

यावर एक आक्षेप येण्याजोगा आहे. ज्याला संमती देता येत नाही त्याच्या शरीरात सुई खुपसून काही ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आक्षेप टाकाऊ नाही. परंतु आपण तान्ह्या मुलाचे कान टोचतो तेव्हा त्याचीही संमती घेत नाही, आणि ते तर बरेचसे भूषणासाठी असते. जो बोलू शकत नाही त्याच्या वतीने निर्णय घेणे टाळता येत नाही, कारण निर्णय न घेणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचे फळ त्यालाच भोगावे लागते. मर्यादा एवढीच की, पीडा त्याच्या हितापुरतीच असावी आणि आपल्या हौसेसाठी नसावी. या मर्यादेत सुईचा क्षण बसतो, पण शोभेसाठी कान कापणे बसत नाही.

दुसरा आक्षेप याहून गंभीर आहे. खूण असलेली ती आपली असे ठरले, की खूण नसलेली ती कोणाचीच नव्हेत असा अर्थ लोक काढतील, आणि पट्टा नसलेल्या कुत्र्याला दगड मारण्याचा जणू परवानाच मिळेल. महाभारताच्या आदिपर्वात सरमेची कथा आहे. जनमेजयाच्या सत्रस्थानी आलेल्या तिच्या पिलाला राजाच्या भावांनी झोडपले. पिलाने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नव्हते, चाटलेही नव्हते. निरपराध्याला मारलेत म्हणून सरमेने त्या यजमानास शाप दिला. यज्ञ मोठा होता, राजा पराक्रमी होता, तरी एका कुत्रीच्या तक्रारीला उत्तर देण्यास तेथे कोणापाशी शब्द नव्हता. खुणेचा उपयोग दयेची कुंपणे घालण्यासाठी होऊ नये, हा या कथेचा आपल्यापुरता अर्थ आहे. सुदैवाने खूण ही भटक्या कुत्र्यासही कवचासारखी उपयोगी पडते. निर्बीजीकरण व लस झालेल्या कुत्र्याच्या कानास लहानशी खाच देतात, ती त्याच्या बाजूचीच साक्ष असते. शेजारच्या गोव्यात लस टोचलेल्या कुत्र्यांच्या अंगावर रंगाची खूण करीत गल्लोगल्ली मोहीम चालली, आणि 2021 साली ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाले. तेथे खुणेने कुत्री वेगळी पाडली नाहीत, कुत्री आणि माणसे दोघांनाही अभय दिले.

तेव्हा सभासद-बंधुभगिनींस आमची सूचना साधी आहे. पट्टा मजबूत असावा, पण दोन बोटे आत जातील इतका सैल असावा. बिल्ल्यावर घरच्या दोघांचे दूरध्वनी-क्रमांक ठळक कोरावेत. पशुवैद्याकडून चिप बसवून घ्यावी, तिची नोंद आपल्याच नावे झाली आहे याची खात्री करावी, आणि लसीसाठी जाल त्या दिवशी चिप वाचवून घ्यावी, म्हणजे ती जागेवर आहे हेही कळेल. कुत्र्याचे समोरून व दोन्ही बाजूंनी काढलेले चित्र घरात असावे. नगरपालिकेचा परवान्याचा नियम असेल तेथे तो पाळावा. आणि दिवाळीच्या चार दिवसांत त्याला आतल्या खोलीत, घरच्यांच्या सोबतीत ठेवावे, कारण हरवल्यावर सापडण्यापेक्षा न हरवणे केव्हाही श्रेयस्कर. देवळाच्या आवारात असे भेदरलेले जनावर आले तर प्रथम त्याच्या गळ्याकडे पाहावे, काठीकडे नंतर.

युधिष्ठिराच्या मागोमाग हस्तिनापुरापासून चालत गेलेल्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा होता, असे महाभारत सांगत नाही. ते कोणाचे, कोठले, याची कोणास माहिती नव्हती. इंद्राने रथ पुढे केला, तेव्हा युधिष्ठिराने एवढेच पाहिले की हे आपल्या विश्वासाने आले आहे, आणि त्याला टाकून स्वर्गात जाण्याचे त्याने नाकारले. त्या कुत्र्याची ओळख पुढे कळली ती या नकारामुळेच. आपल्या हातून एवढे मोठे व्रत घडेलच असे नाही. पण आपल्या विश्वासावर दारात झोपणाऱ्या जिवाच्या गळ्यात आपले नाव बांधणे, आणि कोणी त्या नावाने हाक मारली असता 'होय, ते आमचेच' असे म्हणण्यास पुढे येणे, एवढे तर कोणत्याही गृहस्थास शक्य आहे.